कोरडे स्क्रू

आर्डिस क्वामी लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायची. गिरणी बंद पडली, तिचे हात काही बंद पडले नाहीत. आता मोंटानातल्या आमच्या या खोऱ्यात कुणाच्या बंदुकीवरची दुर्बीण हलायला लागली, की तो तिच्या गॅरेजचं दार वाजवतो. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी तिचं कामाचं टेबल आहे. कामाचे पैसे ती घेत नाही, पण रिकाम्या हातानं आलेला माणूस तिला आवडत नाही.

लायल प्रूडन बायको नेटानं केलेल्या हकलबेरीच्या जॅमची बरणी घेऊन आला, तो शिकारीच्या हंगामातला शेवटचा गुरुवार होता.

गिरणीतल्या ओंडके ओढणाऱ्या साखळीत लायलचा डावा हात कोपराखाली तुटला. रायफल खांद्याला लावणं तिथंच संपलं. त्यानं मग रायफलचंच काडतूस घेणारं, एका वेळी एकच गोळी भरायचं लांब नळीचं पिस्तूल घेतलं. नळी तिकाटण्याच्या बेचक्यात टेकवायची आणि वरच्या दुर्बिणीतून नेम धरायचा. गोळी सुटली की हे पिस्तूल गाढवासारखी लाथ मारतं. हात शाबूत होता तेव्हापासून लायल दरवर्षी मूसच्या, म्हणजे घोड्याहून उंच अशा सांबरासारख्या जनावराच्या, शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करत होता. यंदाच्या सोडतीत पहिल्यांदा त्याचं नाव निघालं. अनेकांचं जन्मात एकदाही निघत नाही.

आणि मंगळवारी समोर उभा असलेला मूस त्यानं सोडून दिला होता.

"का?" आर्डिसनं विचारलं.

"आदल्या दिवशी पुठ्ठ्यावर मारून बघितलं होतं. गोळी वीतभर डावीकडं गेली, तरी हंगाम संपत आला म्हणून निघालो. मूसला कुठं लागली असती, देव जाणे. पोटात गोळी घेऊन तो झाडीत शिरला असता, तर मला झोप लागली नसती."

"हे शहाणपणाचं केलंस. दे इकडं."

"रिकामं आहे."

"सगळे हेच सांगतात," असं म्हणत तिनं नळी उघडून आत पाहिलं. मग अंगठ्यानं दुर्बीण दाबली. दुर्बीण नळीवरच्या बैठकीसकट किंचित हलली.

"परवाच स्क्रू आवळले होते," लायल म्हणाला. "दात-ओठ खाऊन."

"दिसतंय. डोकी सोलून काढलीस बिचाऱ्यांची. आणि निळा डिंक?"

"तोही घातला होता. स्क्रू जागचे हलू नयेत म्हणून मिळतो तोच."

आर्डिसनं बैठकीचा एक स्क्रू काढला, बोटांत फिरवला, नाकाशी नेला. "तेल."

"असणारच. रोज फडक्यानं पुसतो ना मी. पिस्तुलावर एक जागा कोरडी सोडत नाही. बापाची शिकवण आहे."

"तुझ्या बापाच्या बंदुकीवर दुर्बीण होती?"

"नाही."

"मग त्याचं बरोबर होतं."

गंज चढेल या भीतीनं आमच्याकडचे शिकारी हत्यारांना तेल पाजतात. ते तेल फटीतून झिरपत स्क्रूच्या आट्यांत उतरतं. तेलकट आट्यांवर डिंक धरत नाही आणि प्रत्येक लाथेबरोबर स्क्रू केसभर मागं फिरतो. मग माणूस आणखी जोरानं आवळतो, आणि वर पुन्हा तेल लावतो.

"फार माया करतोस तू या पिस्तुलावर," आर्डिस म्हणाली.

"नेटाही तेच म्हणते. तिचा सूर वेगळा असतो."

आर्डिसनं सगळे स्क्रू टाकून दिले आणि खणातून त्याच मापाचे नवे काढले. ते तेल उतरवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवले. नळीवरची भोकं कापसाच्या काड्यांनी पुसली, काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. प्रत्येक स्क्रूला डिंकाचा एकच थेंब लावून बैठक बसवली. दुर्बिणीच्या कड्या बैठकीच्या खाचेत ठेवल्यावर तिनं त्या पुढं रेटून धरल्या.

"लाथ बसली की पिस्तूल मागं जातं आणि दुर्बीण म्हणते, मी इथंच थांबते. म्हणून तिला आधीच पुढच्या कडेला टेकवायची. सरकायला जागाच ठेवायची नाही."

ठरलेला जोर आला की 'टक' करणारा एक स्क्रूड्रायव्हर तिच्याकडं आहे. त्यानं ती एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा असे स्क्रू आवळत गेली. टक झालं की थांबायची.

"अजून थोडं आवळा ना," लायल म्हणाला.

"तुझं थोडं मी मघाशी पाहिलं. आता हे इथंच राहू दे. उद्या दुपारी ने."

"उद्या पहाटे निघायचं ठरलंय. रविवारी हंगाम संपतो, आर्डिस. पुन्हा नाव निघायच्या आत मी मरेन."

"डिंकाला तुझा हंगाम कळत नाही. ओला असताना एक गोळी झाडलीस, की आपण पुन्हा मंगळवारवर."

पिस्तूल तिथंच ठेवून तो एकटाच घरी गेला. त्याच्या स्वभावाला ते सोपं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी खडीच्या खाणीत त्यानं पुठ्ठा लावला. दुर्बीण जुळवून घेतल्यावर शेवटच्या तिन्ही गोळ्या एका बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. शनिवारी विलोच्या झुडपांच्या दलदलीशी नेटा आणि तो वारा तोंडावर घेऊन बसून राहिले. मूस पाण्यातून वर आला आणि आडवा उभा राहिला. लायलनं एकच गोळी झाडली. मूस थोडं चालला आणि खाली बसला.

रविवारी नेटा आर्डिसकडं पाठीचं मांस घेऊन आली. आमच्याकडं शिकारीतला हा वाटा घरातसुद्धा जपून वाढतात. लायल बाहेर गाडीतच बसून होता. आभार मानायची वेळ आली की त्याला गाडीत काहीतरी काम निघतं.

"मूसजवळ गुडघ्यावर बसला, टोपी काढली," नेटा म्हणाली. "आधी देवाचे आभार मानले. मग मूसचे. मग तुमचे, चांगलं मोठ्यानं नाव घेऊन. दोन मैल तिकाटणं आणि पाठपिशवी वाहिली मी, माझं नाव नाही."

आर्डिसनं फ्रीजरमधली मटारची पाकिटं बाजूला सारून जागा केली.

"क्रम बरोबर आहे त्याचा," ती म्हणाली. "आण ते इकडं. आणि त्याला म्हणावं, कॉफी टाकलीय, आत ये."