पहारेकरी डावीकडूनच येतो

आमच्या ऑफिसात मामांना सगळेच मामा म्हणत. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी दिवसभर खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे आमचं काम. लोकांना वाटतं, काय मजा आहे! तोच दरवाजा चारशे वेळा उघडून बघा, मग बोलू. मामांनी हे एकोणीस वर्षं केलं. दुसरं कुठलं काम त्यांना येतही नव्हतं.

या गेममध्ये एक पहारेकरी होता. तो समोरच्या खेळाडूकडून शिकायचा. तुम्ही कुठे बिचकता, कुठे घाई करता, हे हेरून नेमकं तिथेच गाठायचा. त्यामुळे प्रत्येकाचा पहारेकरी वेगळा घडायचा. सुरुवातीला मामांनी त्याला लोळवलं. मग तो फक्त डावीकडून यायला लागला आणि मामा दर वेळी हरायला लागले.

"गेममध्ये चूक आहे," ते प्रमुखबाईंना म्हणाले. "एकाच बाजूला अडकलाय तो. शिकलेलं सगळं पुसून टाका."

सहा महिन्यांची मेहनत अशी पुसायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी मला माझ्या पहारेकऱ्याशी खेळायला सांगितलं. मी खेळले आणि अतिशहाण्यासारखी बोलून गेले, "माझ्याकडे तर दोन्ही बाजूंनी येतोय की!"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, आमच्यासमोर एकदा खेळा बरं," बाई म्हणाल्या.

पहारेकरी डावीकडून आला. मामा हरले. पुन्हा डावीकडून, पुन्हा हरले. चौथ्या वेळी मी पडदा सोडून त्यांच्या हाताकडे पाहिलं. डावा अंगठा थरथरत होता, बटणापर्यंत पोचेपर्यंत उशीर होत होता. हा थरकाप आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी सांगितलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. मामींनाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"अरे, एकदा तरी उजवीकडून ये रे," मामा पडद्याला म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

तो डावीकडूनच आला.

मामांनी कीबोर्ड ओढला आणि उजव्या हाताने एकेक अक्षर दाबत लिहिलं, "गेममध्ये चूक नाही. पहारेकरी बरोबर शिकला आहे." मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"तुझ्या मामीला तूच सांग गं," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाही होणार."