कोयत्याची उलटी बाजू

हौसामावशी लाल भोपळा एका घावात फोडायची. दुसरा घाव घालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पंचवटीच्या भाजीबाजारात तिच्या गाळ्यासमोरच माझं मेडिकल.

एकदा एका गुंडाने शेजारच्या तरुण भाजीवालीचा हात धरला. मावशीने उठून त्याच्या मनगटावर कोयता उलटा हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू आला. तो चिखलात लोळत असताना ती म्हणाली, "आज उलटा मारलाय. उद्या सुलटा मारीन." आणि लगेच गिऱ्हाइकाला, "पावशेर का अर्धा किलो?"

अशी बाई एके दिवशी पोट धरून आली. "मेडिकलवाल्या, पोट लय फुगतंय. अर्धी भाकर खाल्ली की गच्च. अन् सारखं लघवीला पळावं लागतं."

मी गॅसच्या गोळ्यांची पट्टी कापून दिली. "मावशी, पन्नाशी उलटली. होणारच." आठ महिने देत राहिलो. वर थट्टाही केली, "पोटात भोपळा ठेवलाय का?" तीही हसायची, "ठेवला असंल बाबा. फोडून बघते एकदा." दवाखान्यात गेलं की धंद्याचा दिवस मोडतो, म्हणून ती माझ्याकडे यायची. आणि मला तिचा डॉक्टर होणं आवडत होतं. हे कबूल केलं पाहिजे.

मग एका सकाळी भोपळ्याला तीन घाव लागले, आणि ती तिथेच कोसळली. मीच तिला दवाखान्यात नेलं. पोटातून बादलीभर पाणी निघालं. अंडाशयाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "हा लवकर पकडणारी खात्रीची तपासणी अजून कुठेच नाही. बाई काय सांगते, तेवढंच हाती असतं. आठ महिने ही कुणाला सांगत होती?"



दुसऱ्या केमोनंतर मावशी रिक्षातून थेट दुकानासमोर उतरली. डोक्यावर केस नाहीत, हातात कोयता. मी मागच्या कपाटाला टेकलो. तिने दोन्ही हातांनी घाव घातला. काउंटरची काच फुटली, एक तुकडा माझ्या तळव्यात घुसला.

"उलटा मारलाय," ती धापा टाकत म्हणाली. "पुढची बाई पोट घेऊन आली, तर आधी विचार, किती दिस झाले. मगच गोळी. नाय विचारलंस, तर मी मेले तरी सुलटा बसंल."

दिवाळीआधी ती गेली. काच मी बदललेली नाही.

परवा तिची मुलगी मंदा आली. आता गाळा तीच चालवते.

"दादा, आई घ्यायची ती गोळी द्या. पोट फुगल्यासारखं होतंय."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील तीन आठवडे. द्या ना, गिऱ्हाईक उभंय."

मी शटर ओढलं. तिच्या हातातला कोयता काढून घेतला आणि तिला ओढतच स्कूटरवर बसवलं. गाळा उघडा टाकला म्हणून ती शिव्या देत होती. दवाखाना येईपर्यंत माझ्या पाठीत बुक्के बसत राहिले. मी स्कूटर थांबवली नाही.