स्वयंपाकघराचं बटन

"बटन मपल्यापाशी राहू दे." काम कुठलंही सांगोत, काका शेवटी हे म्हणायचे आणि स्वतःच्या उशीजवळच्या भिंतीवर दोन बोटं आपटायचे.

मी जळकोटात वायरमनचं काम करतो. लोकांच्या घरात शिडीवर चढून बसलो की खाली काय काय चालतं ते आपोआप कानावर पडतं. काका लिंगायत, गावात किराण्याचं मोठं दुकान होतं. ते विकून घरी बसले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. घर जुनं, दगडमातीचं. छन्नी लावली असती तर अर्धी भिंत हातात आली असती, म्हणून वायरी भिंतीवरूनच पांढऱ्या पाइपातून न्यायचं ठरलं. इथवर सगळं सरळ होतं.

मग त्यांनी बटनं कुठं हवीत ते सांगितलं. सगळी बैठकीत, त्यांच्या पलंगाशी. स्वयंपाकघराचं, न्हाणीचं, देवघराचं, परसातल्या बल्बचं सुद्धा. मी विचारलं, काका, न्हाणीत जाणाऱ्यानं काय करायचं? ते शांतपणे म्हणाले, "हाक मारायची. मी हाय की." मला हसू आलं, म्हटलं म्हातारा गमत्या आहे. पण ते गंमत करत नव्हते. गुरांची दावी एकाच खुंट्याला बांधावीत तशा त्या पाइपा मी चारही ठिकाणांहून त्यांच्या उशाशी आणून बांधल्या.

तुम्हाला वाटेल बिलासाठी असेल. छे! बिल ते बघत सुद्धा नसत. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेला माणूस. लोकांनी मागायचं आणि यांनी द्यायचं. दुकान गेल्यावर मागायला एकट्या काकूच उरल्या.

काकूंच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. त्या आतून हाक मारायच्या, लाईट लावा हो. काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. दुसरी हाक आली की विचारायचे, कशाला पायजे? काकू सांगायच्या, कणीक मळायची हाय, नाहीतर तांदूळ निवडायचेत. कारण पटलं की खट्. नाही पटलं तर अजून थोडा वेळ. तेवढ्यात माझ्याकडं बघून डोळा मिचकावायचे. काका तसे वाईट बोलत नसत, कधी हात उगारला नाही, मला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. म्हणूनच जास्त संताप यायचा.

एकदा काकूंचा भाऊ कंधारहून आला होता. मी कूलरच्या वायरीसाठी भिंतीवर नवी पट्टी मारत होतो. आत काकू विळीवर भाजी चिरत होत्या. काकांना काय हुक्की आली कोण जाणे, पाहुण्याला म्हणाले, बघा, माझ्याबिगर तुमच्या बहिणीला दिवस बी दिसत न्हाई. आणि बटन खाली-वर, खाली-वर करत बसले. आत उजेड, अंधार, उजेड, अंधार. भाऊ बिचारा कसनुसा हसला. आत विळीचा आवाज थांबला.

काकूंनी जेवण वाढलं तेव्हा बोटाला चिंधी बांधलेली होती. चिंधी लाल झाली होती. भाऊ निघून गेल्यावर त्यांनी स्टूल घेतलं, वर चढल्या आणि स्वयंपाकघरातला बल्ब काढला. पदरानं स्वच्छ पुसला. बैठकीत येऊन काकांच्या उशीवर ठेवला.

"हे बी तुमच्यापाशीच ठेवा."

त्या दिवसानंतर त्या घरात हाक ऐकू आली नाही. काकू दिवसाउजेडी परसदार उघडं ठेवून स्वयंपाक उरकायच्या. न्हाणीत, देवघरात भिंतीला हात लावून चालायच्या. काकांनी आधी वाट पाहिली. मग नवा बल्ब आणून स्वतः लावला. त्यांनी पेटवला की काकू काम तसंच टाकून परसात जाऊन बसायच्या. ते विझवायचे, मग त्या आत यायच्या. माझ्या दुकानावर येऊन काका मला म्हणाले, तू सांग तिला, एकदा लाईट माग म्हणावं. मी सांगितलं. काकूंनी मला ताक दिलं आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी काढल्या.

पुढं काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. पलंगाशी सगळी बटनं होती, पण त्या बाजूचा हात उचलेना. मला निरोप आला. गेलो, त्यांच्यात नमस्काराला म्हणतात तसं शरणार्थ म्हणालो. त्यांनी डाव्या हातानं माझा शर्ट धरला.

"बटन आत बसव. तिच्या हाताशी."

काळ्या दगडात भोक पाडताना ड्रिलचं टोक जळालं, तरी त्याच दिवशी पाइप फिरवून चुलीशेजारी बटन बसवलं. म्हटलं, काकू, एकदा दाबून तरी बघा, ते वाट बघून राहिलेत.

"दाबीन की," काकू म्हणाल्या. "घाई कोणाला हाय?"

काकांची सेवा त्यांनी कुणी नावं ठेवणार नाही अशी केली. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. फक्त कूस कुठलीही बदलली तरी काका मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडंच बघायचे. दारात अंधार. मी गेलो की जड जिभेनं विचारायचे, लावली का? मी त्यांची उशी सरळ करायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा राग यायला लागला होता. आणि भाजी चिरतानाचं ते बोट आठवलं की माझा मलाच राग यायचा.

काका गेले ते तसंच दाराकडं बघत गेले.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भस्म लावून, भिंतीला टेकवून बसवतात आणि तसंच बसलेलं पुरतात. लेक हैदराबादहून यायची होती, म्हणून सगळे थांबले होते. पलंग हलवून काकांना त्याच जागी बसवलं होतं, तोंड स्वयंपाकघराकडं. दिवस मावळला. बायकांमधून काकू उठल्या आणि आत गेल्या.

खट्.

उजेड दारातून बैठकीत आला, काकांच्या मांडीवर पडला, भस्म लावलेल्या तोंडावर पडला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत म्हणाल्या,

"लावली बघा."