थेंबांचा बाक

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही हो. माणसांना अर्धा तास डोळे मिटून बसवा, बास! मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालायचं काम माझं. थेंब घातले की बुबुळ मोठं होईपर्यंत पेशंट बाकावर डोळे मिटून बसतात. वर पंखा फिरतो, सगळे अर्धवट झोपेत, आणि जो तो मनातलं बोलायला लागतो.

*

सावंतकाका मालवणचे, एके काळचे गिरणी कामगार. कपाळावर नागीण झाली होती. ती गेली, पण डोळा पुन्हा पुन्हा लाल होऊन ठणकायचा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, नागिणीचा व्हायरस जात नाही. आत झोपून राहतो, मधूनच डोळ्यात जागा होतो."

काका बाकावर आले आणि सगळ्यांना दटावलं, "हळू बोला रे! जागो होतलो!"

दोन आठवडे अख्खा बाक कुजबुजत होता. मीसुद्धा!

*

त्यांच्या शेजारी सुरेखा बसायची. हाच आजार, डाव्या डोळ्यात. वर्षभर दोघांच्या गप्पा, पण डोळे मिटून. एकदा भाजीवाल्यापाशी एक बाई म्हणाली, "भेंडी कोवळी दे रे." काकांनी वळून पाहिलं, चेहरा ओळखीचा वाटेना. मग भर रस्त्यात त्यांनी डोळे मिटले.

"सुरेखा गो!"

*

थेंबांनंतर उजेड पसरट दिसतो. बाकीचे कटकट करतात. काका दारात उभे राहून रिक्षांचे दिवे बघत बसायचे.

"सिस्टर, मुलुंड बघ गो, कसला झकास दिसता!"

*

सुरेखा मरोळला कारखान्यात शर्ट शिवते. डोळा गेला तर मशीन गेलं. तरी लाली उतरली की ही बया घरी घालायचे औषधाचे थेंब बंद करायची! आणि तपासणीत पाटीवरची अक्षरं धडाधड वाचायची. मॅडमना शंका आली. त्यांनी तिला उजवा डोळा झाकायला लावला आणि गुपचूप पाटीचा दिवा घालवला. खोलीत मिट्ट काळोख. बाईसाहेबांनी शेवटची ओळसुद्धा म्हणून दाखवली!

बाकावर बसून, दुसऱ्यांचं ऐकून ऐकून सगळं पाठ झालेलं.

"त्या डोळ्याने काहीच दिसत नाही मॅडम," ती रडायलाच लागली. "कामावर कळलं तर वाट लागेल."

मला राग आला, आणि दयाही आली. तेव्हापासून थेंबांची वेळ झाली की मी फोन करायचे, वर चार शिव्या घालायचे. पाच महिने.

*

परवा नवी पाटी आली, कोणालाच पाठ नसलेली. सुरेखाचा उजवा डोळा मी माझ्या तळव्याने झाकला. दुसऱ्या हातात पाटी पुसलेलं ओलं फडकं तसंच. बाहेर बाकावर चिडीचूप.

एकेक अक्षर, अडखळत, ती खाली खाली गेली. मग थांबली.

"काय झाला गो?" बाहेरून काका.

"सिस्टर," सुरेखा म्हणाली, "सगळ्यात खाली बारीक लिहिलंय. पाटी ओल्या फडक्याने पुसू नये."