ओसाड लिहिलेलं कुरण

परवा भरदुपारी झरीच्या रस्त्यावर माझी स्कूटर गवताच्या एका टेम्पोमागे अडकली. पेंढ्या दोन्ही बाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या, की ओलांडून पुढे जायला वावच नव्हता. मी चिडायच्या बेतात होतो, तेवढ्यात वास आला. वाळल्या गवताचा तो वास ज्याने एकदा अंगावर घेतला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. त्यात तिखाडीही होती. तिखाडी म्हणजे माळावरचं सुगंधी गवत. एक काडी चुरगळली तरी हात संध्याकाळपर्यंत दरवळतात. पुढे चहाच्या टपरीवर टेम्पो थांबला तसा मीही थांबलो आणि गवत कुठलं म्हणून चालकाला विचारलं. "लय लांबून आणलंय काका, दोन जिल्हे वलांडून," तो म्हणाला. "हितं कुठं राह्यलंय गवत? हितं समद्या माळावर झाडं लावायलेत." तो सहज बोलून गेला आणि बशीत चहा ओतू लागला. मला मात्र तो चहा गोड लागला नाही, कारण ज्या माळाच्या कडेने आम्ही चाललो होतो तो माळ एके काळी अख्ख्या पंचक्रोशीला गवत पुरवत होता.

झरीच्या पलीकडे, काळी जमीन संपून मुरूम लागतो तिथे आमच्या गावचं सरकारी कुरण होतं. भोवती दगडी बांध, बांधावर घायपात, आणि आत नजर पोचेल तिथवर गवत. पावसाळ्यात ते हिरवं असे, पण त्याचं खरं रूप कार्तिकात. मारवेल गवत जांभळट व्हायचं, शेडा तांबूस, कुसळी पिकून काळपट. वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. चंडोल गवतातून सरळ वर उठायचा आणि दिसेनासा होऊनही गात राहायचा. काळविटांचा कळप लांबवर उभा असायचा, नुसती शिंगं आणि पाठी दिसायच्या. खोकडाची बिळं कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक होतं आणि तिकडे फिरकायचं नाही हेही ठाऊक होतं. कारण राखणदार.

हा राखणदार रोजंदारीवरचा होता. सगळा गाव त्याला मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणतो. डोक्याला मुंडासं, पायात टायरच्या चपला, हातात काठी. अंगावर सरकारी असं काहीच नाही. पण कुरणात त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. आषाढापासून कुरण बंद. मग दिवाळी जवळ आली की गावाला घाई सुटायची. गोठ्यात वैरण संपत आलेली असायची आणि बांधापलीकडे कमरेएवढं गवत डोलताना दिसायचं. मामा मात्र रोज दुपारी आत जायचा. सकाळी नाही, कारण दहिवरानं ओली झालेली कणसं दाणा सोडत नाहीत. ऊन तापलं की चार वेगवेगळ्या जागी गवताचं कणीस तळहातावर हलकेच चोळायचा. बी आपसूक गळून पडलं तर ठीक. जरा जरी धरून राहिलं, तरी बाहेर येऊन नुसती मान हलवायचा, आणि बांधावर इळे घेऊन बसलेल्या बाया निमूट घरी जायच्या. बी जमिनीवर पडल्याशिवाय गवताला इळा लावायचा नाही, हा त्याचा कायदा. कुठल्या कागदावर तो लिहिलेला होता का, मला माहीत नाही. पुढे कागदांतच आयुष्य गेलं, पण मला तरी सापडला नाही.

कुरणाचे चार तुकडे होते. त्यातला एक दर वर्षी आळीपाळीने न कापता ठेवायचा. आणि कापणी सुरू झाली की ज्याला शेत नाही त्याची पाळी पहिली. शेतवाल्याला कडबा असतो, बिनशेतवाल्याच्या शेळीला आणि एखाद्या म्हशीला काय असतं? त्यामुळे पहिल्या दिवशी कुरणात बौद्धवाड्यातल्या बाया, मजुरांच्या बाया आणि माझी आई असायची. आम्हालाही शेत नव्हतं. इळा जमिनीला न टेकवता मूठभर बुडखा ठेवून कापायचं, पेंढी गवताच्याच वेटाळ्याने बांधायची, भारा डोक्यावर घ्यायचा आणि बांध ओलांडताना एकीने दुसरीला हात द्यायचा. गावात एरवी कोण कुणाच्या किती जवळून जातं हे ठरलेलं होतं. त्या दिवशी कुरणात ते काही दिसत नसे. हे मी आज उगाच गोड करून सांगतो आहे असं वाटेल. पण आईच्या तोंडून कुरणाचा पहिला दिवस असा शब्द आला की तिचा आवाज बदलायचा, तो अजून माझ्या कानात आहे.

एका साली एका मोठ्या शेतवाल्याने दिवाळीआधीच आपली माणसं इळे देऊन पाठवली. मामा गवतात, त्यांच्या समोर जाऊन मांडी घालून बसला. शेतवाला स्वतः आला. म्हणाला, "गवतच हाय ना ते? का केसर हाय?" मामा म्हणाला, "मालक, आज कापलं तर औंदा गवत मिळंल. फुडल्या साली इळ्याला मुरूम लागंल." तो उठला नाही. दोनेक तास असेच गेले असतील. माणसांना मजुरीची चिंता नव्हती, सावलीची होती. ती एकेक करून निघून गेली. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटली होती. आज वाटतं, एवढी मोठी सरकारी मालमत्ता एवढ्या कमी पगाराच्या माणसाने एवढ्या शहाणपणाने सांभाळलेली मी पुन्हा पाहिली नाही.

पुढे मी शिकलो आणि तालुक्याच्या एका कार्यालयात कारकून झालो. नोकरी नवी, अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. झाडं लावायची मोहीम निघाली होती. गावोगावच्या सरकारी जमिनींची माहिती मागवली होती आणि तक्त्यात एक रकाना होता : जमिनीचा प्रकार. आमच्या गावचं कुरण आलं तेव्हा मी थांबलो. साहेबांना विचारलं. त्यांनी विचारलं, तिथे झाडं आहेत का? म्हटलं, दोन-चार बोरी, एखादी बाभळ. शेती आहे का? नाही. मग ओसाड लिहा, ते म्हणाले आणि फोन उचलला. मी लिहिलं. माझ्या त्या नावाजलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ओसाड माळ. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला होता. आपल्या गावाला झाडं मिळणार, सावली मिळणार, आणि ती आपल्या हातून मिळणार. जिथून आईने वर्षानुवर्षं भारे आणले त्या जागेला मी ओसाड म्हटलं, आणि ते चुकीचं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शिकलेल्या माणसाला एवढं आंधळं होता येतं, याचा मला अजून संताप येतो.

माळावर मोजणीच्या चुन्याच्या खुणा पडल्या तसा मामा कार्यालयात आला. चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलासमोर उभा राहिला. लहानपणापासून मला अरे-तुरे करणारा माणूस, त्या दिवशी म्हणाला, "साहेब, आपल्या कुरणाला वसाड कुणी लिवलं? तुमाला ठावं असंल तर सांगा, म्या त्यायला हात जोडून दावून आणतो, काय हाय तिथं." मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो. म्हणालो, "वरून आलंय मामा. फाईल पुढं गेली." तो "बरं," म्हणाला, आणि आईची तब्येत विचारून गेला.

उन्हाळ्यात यंत्रं आली. सलग चर खणले, चरांच्या कडेने खड्डे घेतले, आणि कित्येक पावसाळे जमिनीत मुरलेली गवताची मुळं उलटी होऊन उन्हात पडली. गिरिपुष्प लावलं, निलगिरी लावली, सुबाभूळ लावली. कार्यक्रमाला मांडव पडला. टोप्या घातलेल्या माणसांनी चकाकत्या फावड्यांनी माती लोटली, फोटो निघाले. भोवती काटेरी तार आली आणि तारेवर पाटी : राखीव, प्रवेश बंद, निसर्ग वाचवा. ज्यांनी तो खरोखर वाचवला होता त्यांना बाहेर ठेवायला ही पाटी. आणि कळस म्हणजे, रोपांना पाणी घालायला आणि गुरं हाकलायला मामालाच ठेवलं. ज्या हाताने तो बी चोळून पाहायचा त्या हाताने तो टँकरची नळी धरून उभा असायचा. निम्मी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. मग त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं, पुन्हा मांडव, पुन्हा फोटो. जी जगली त्यांच्या सावलीत मारवेल उगवत नाही आणि त्यांच्या पाल्याला आमची जनावरं तोंड लावत नाहीत.

मला झाडांचा राग नाही. वडाखाली मीही बसतो. राग येतो तो डोळ्यांचा. ज्यांना उभं दिसतं तेवढंच दिसतं, त्या डोळ्यांचा. आपल्याकडे घर नसलेल्या जागेला रिकामी म्हणतात, झाड नसलेल्या जागेला उजाड म्हणतात, आणि मग ती भरायला निघतात. तो माळ भरलेलाच होता. तिथल्या काळविटांना आपण तारेबाहेर काढलं, आणि ती आता तुरीत, हरभऱ्यात शिरतात म्हणून आपणच निवेदनं देतो की या उपद्रवी जनावरांचा बंदोबस्त करा. चंडोल कुठे गेले ते विचारायला कुणी निवेदनही दिलं नाही. पहिल्याच मोठ्या पावसात चरांच्या कडा फुटून ओढ्याला तांबडं पाणी येतं, आणि गावातली तरणी माणसं म्हणतात, माळावर माती धरत नाही, म्हणून तर झाडं लावली पाहिजेत. या गोष्टीवर हसावं की कपाळ बडवावं, मला कळत नाही.

कुरणाचा चौथा तुकडा मात्र वाचला होता. तिथे चढ उभा, यंत्र चढेना, म्हणून तेवढा उतार गवताचा राहिला. यंदा त्याचीही पाळी आली. ग्रामसभा आहे कळलं तसा मी गावी गेलो. आलेला अधिकारी तरुण होता, बोलायला चांगला, हातात टॅब. मी उभा राहिलो आणि म्हणालो, हा उतार गवताचा आहे, गवताचाच राहू द्या. आणि प्रकार लिहायचा तर कुरण लिहा. त्याने टॅब माझ्याकडे वळवून दाखवला. "काका, यात तसा पर्यायच नाही. वन, शेती, बांधकाम, ओसाड. यातलंच एक निवडावं लागतं." एवढ्या वर्षांनी कागद गेला, टॅब आला, आणि रकाना जिथल्या तिथे. मग माझा तोल गेला. मी भर सभेत सांगितलं की या कुरणाला ओसाड लिहिणारा माणूस मीच, तो शब्द माझा, आणि तो मी साफ खोटा लिहिला होता. बाकावरच्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. अधिकाऱ्याने गावाचा ठराव जोडायला सांगितला. ठराव झाला, सह्या-अंगठे झाले. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. तूर्त त्या उतारावर खुणा पडलेल्या नाहीत.

सभा उठल्यावर बायकांच्या घोळक्यातून मामी आली, मामाची बायको. मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिने मला समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलं, आपणही बसली. मी म्हणालो, "मामी, मामाला मी तेव्हा सांगायला पायजे होतं."

"त्यायला ठावंच व्हतं," ती म्हणाली. "त्याच दिशी घरी येऊन म्हणले, आपल्याच लेकरानं लिवलंय. त्यो वर मान करून बोलंना."

"मग मला बोलले का न्हाईत?"

"म्या बी तेच म्हणलं. तर म्हणले, नवी नोकरी हाय त्याची. आपल्यापायी त्याच्यावर काई याया नको."

ती आणखी काही बोलत होती, नातवाचं, घराच्या पत्र्यांचं. मी हो-हो करत होतो. इतकी वर्षं मी साहेबांवर रागावलो, मोहिमांवर, पाट्यांवर, फोटोंतल्या टोप्यांवर रागावलो, आणि तो राग खोटा नाही, आजही नाही. पण मामा माझ्यावर रागवायला हवा होता. गवतात मांडी घालून शेतवाल्याच्या इळ्यांसमोर बसला, तसा माझ्या टेबलासमोर बसायला हवा होता. कारण फाईल पुढे गेली नव्हती. तो दारातून बाहेर पडला तेव्हा ती माझ्याच टेबलावर, माझ्याच कोपराखाली होती, आणि पुढचे आठ दिवस तिथेच होती.