पेन्सिल सेल आणि माझा जळफळाट

मंडळी, आज कोरेगावात एका साखरपुड्याला माझी साउंड सिस्टीम होती. अजून पोटात जळतंय, म्हणून लिहितोय.

गाणं लावलं तर आवाज पोकळ. ढोलकीचा ठेका गायबच! मी सवयीनं म्हणालो, "ह्यो हॉलच असा हाय, आवाज खातोय."

तेवढ्यात नवरीची आत्या पुढं आली. वडूजला तिचं रिपेरिंगचं दुकान आहे. "दादा, गाणं थांबवा. स्पीकरच्या बॉक्सच्या वायरी जरा सोडवते," म्हणाली आणि पर्समधनं पेन्सिल सेल काढला. पर्समधनं!

दोन्ही बॉक्सच्या वायरींची टोकं, ॲम्प्लिफायरला होती त्याच क्रमानं, तिनं आळीपाळीनं सेलला टेकवली. एका बॉक्समधला कागदी पडदा बाहेर सरकला, दुसऱ्यातला आत गेला.

"बघा, एक हवा ढकलतोय, तवा दुसरा वढतोय. दोगांच्या भांडणात ठेका मरतोय. एकाच्या वायरी उलट्या लागल्यात."

लाल-काळी वायर संपली म्हणून मीच सगळीकडं पांढरी वापरली होती, तिच्या दोन्ही तारा सारख्याच दिसतात. तिनं एका बॉक्सची टोकं अदलाबदल केली आणि ढोलकी छातीवर आदळायला लागली. नवरीचे वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, लग्नाला साउंडचं तूच बघ!"

वीस वर्षं या धंद्यात आहे हो मी!

घरी येऊन गुपचूप भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि बॉक्सची जुनी जोडी तपासली. तीही उलटी. चार वर्षं ती जोडी घेऊन मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या हॉलना नावं ठेवत फिरलोय.

खरं सांगा, समोरचा बरोबर निघाला म्हणून तुमचाही कधी असा जळफळाट झालाय का?

आणि बायको विचारतीय, घड्याळ का थांबलं. तिला काय सांगू?