बोकडाला पहिला हात

आमच्या गावच्या पारधीत एक रीत आहे. पडलेल्या डुकराला जो पहिला हात लावील त्याला मांसाचा एक वाटा जास्त. ती रीत मी ओमानला, इब्राच्या डोंगरात नेली, हा माझा गाढवपणा.

अर्बाबचा, म्हणजे आमच्या तिथल्या मालकाचा, एक बोकड कळपातून निसटून पार रानटी झाला होता. कुणाच्या हाती लागेना, शिवाय खालच्या बागांची नासधूस. शेवटी एका शुक्रवारी सकाळी अर्बाब धनुष्य घेऊन निघाला. गाडी मी चालवत होतो. सोबत भावजी, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना इथं आणून अर्बाबच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामाला लावलं तेही मीच.

बाण बरगडीत लागला. बोकड थोडा धडपडत गेला आणि वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, आडवा झाला. मी उठलो, तर अर्बाबनं खांदा दाबून बसवलं. "अभी नहीं. सबर. आधा घंटा बैठो." मग पाठीकडून जायचं, लांब काठीनं डोळ्याला टोचून बघायचं, पापणी हलली तर मागं फिरायचं. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

तो काठी आणि सुरी आणायला गाडीकडे गेला आणि माझी जीभ वळवळली. "भावजी, बघत काय बसलात? पहिला हात लावा, जा!"

ते हसले आणि धावत सुटले.

बोकड जिवंत होता. भावजींनी त्याच्या पोटाला हात लावला मात्र, त्यानं एकच झटका दिला. बाणाचं पातं आरपार जाऊन पलीकडून बाहेर आलं होतं, ते आम्हाला दिसलंच नव्हतं. त्यानं भावजींचा उजवा तळवा चिरला. ते नुसते हाताकडे बघत राहिले. आत काहीतरी पांढरं दिसत होतं. अर्बाबनं धावत येऊन डोक्याचं फडकं सोडलं, हात आवळून बांधला आणि माझ्यावर ओरडला, "यल्ला! गाडी!" तेव्हा कुठं मी गाडीकडे पळालो.

डॉक्टर म्हणाले, अंगठा वाकवणारी शीर तुटली होती, शिवली आहे, पण अंगठा पूर्वीसारखा वाकेलच असं नाही. सुताराचा उजवा अंगठा! मला ते खरंच वाटेना.

संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. भावजींनी उजवा हात चादरीखाली सरकवला.

"अहो, फोन डाव्या हातात का धरलाय?"

"रंध्यानं जरा लागलंय," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"दादा आहे ना जवळ?" ती म्हणाली. "मग मला काळजी नाही."